धाकटीची साक्ष

आमच्या चर्चच्या मंडळीला लांबच्या माणसांवर प्रेम करायची भारी हौस. माणूस जितका लांब, तितकं प्रेम जास्त. समुद्रापलीकडे असेल तर विचारूच नका. त्याच्यासाठी बुधवारी प्रार्थना, रविवारी प्रार्थना, महिला मंडळात डोळे मिटून हुंदके. तोच माणूस शेजारच्या गल्लीत अंथरुणाला खिळला, तर सगळ्यांकडे नेमके त्याच आठवड्यात पाहुणे येतात. माझं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे हा दोष मी ओळखते. लांबचं स्वच्छ दिसतं, जवळचं पुसट. त्याला आमच्याकडे भिंग मिळतं, पण मंडळीच्या नाकावर ते चढवणार कोण?

दुकान तसं आमच्या ह्यांचं. हे मागच्या खोलीत मशीनवर काचा घासत बसतात आणि मी पुढे काउंटरवर. चर्चमधल्या निम्म्या नाकांवर आमच्याच फ्रेमा आहेत. हे मला सारखं बजावतात की जिभेला जरा आवर घाल, गिऱ्हाईक तुटेल. जातील कुठे? तक्रार मोठ्याने करतात आणि दांडी फुकट घट्ट करून न्यायला पुन्हा येतात.

माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा, हे मंडळीचे मिशनरी. धाकटी नर्स, मेहुणे शिक्षक. एका दूर देशात, डोंगरातल्या वस्तीत, मेहुण्यांनी शाळा काढली आणि धाकटी बायकांची बाळंतपणं करायची. इथे सगळे ‘आमचे मिशनरी’ म्हणायचे, आमची गाडी, आमचा फ्लॅट म्हणतात त्याच सुरात. ते नेमके कुठे राहतात हे विचारलं की ‘तिकडे’ म्हणायचे आणि हात खिडकीकडे करायचे. खिडकीबाहेर सायकलस्टँड होता.

चर्चच्या हॉलमध्ये जगाचा मोठा नकाशा आहे. त्यात एक लाल टाचणी, टाचणीपासून दोरा, आणि दोऱ्याच्या टोकाला दोघांचा फोटो. एकदा हॉलला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याने टाचणी उपटली आणि काम झाल्यावर भलत्याच देशात खुपसली. त्यानंतर मंडळीने त्या भलत्या देशासाठी जिवाचं रान करून प्रार्थना केली. तिथला पूर, तिथली निवडणूक, तिथला राष्ट्राध्यक्ष, कोणालाही सोडलं नाही. धाकटी सुट्टीवर आली तेव्हा तिनेच ती टाचणी काढून जागेवर लावली, तर मॅनेजरीणबाई तिच्यावरच डाफरल्या, की नकाशा समितीचा आहे, त्याला हात लावायचा नाही.

मॅनेजरीणबाई म्हणजे मॅनेजरसाहेबांच्या पत्नी. साहेब बँकेतून रिटायर होऊन जमाना झाला, पण मॅनेजरपण काही उतरलं नाही. मिशन समितीचे अध्यक्ष तेच. समिती साहेब चालवतात आणि साहेबांना बाई. शिवाय महिला मंडळ, संडे स्कूल आणि मिशनची पेटी, हे सगळं बाईंच्या मुठीत.

त्या पेटीबद्दल न बोललेलंच बरं, पण बोलते. दरवर्षी एक मोठी पेटी भरून तिकडे पाठवायची. घरात जे फेकायला जीव होत नाही आणि ठेवायला जागा होत नाही, ते प्रभूच्या नावाने पेटीत जायचं. उकाड्याने अंगाची लाही होणाऱ्या वस्तीला आम्ही लोकरीचे स्वेटर पाठवले. एकाच पायाचे बूट पाठवले. एका वर्षी तर मॅनेजरीणबाई आपल्या गेलेल्या सासूबाईंचा चष्मा घेऊन माझ्या दुकानात आल्या, जरा पुसून द्या म्हणाल्या, पेटीत टाकायचाय. मी म्हटलं, बाई, या चष्म्यातून सासूबाईंशिवाय जगात कोणालाही दिसणार नाही. तर म्हणाल्या, तिकडच्या लोकांना काय, चालतं. मी पुसून दिला. दुकान चालवायचं असतं.

पण पेटी गेली खड्ड्यात. माझा खरा राग समितीच्या एका नियमावर होता. मिशनऱ्यांची मुलं शाळेत जायच्या वयाची झाली की त्यांना इकडे ठेवायचं, म्हणजे आईबापांचं लक्ष कामावर राहतं. हा नियम ज्यांनी केला त्यांची स्वतःची मुलं लग्न होईपर्यंत आईच्या हातचं जेवत होती. धाकटीची एकुलती एक मुलगी, आमची ठकी, पाच वर्षांची असताना माझ्याकडे आली. पत्र्याची छोटी बॅग आणि गळ्यात पाण्याची बाटली. मला मूलबाळ नाही. ठकीने माझं घर भरलं हे मी नाकारत नाही. पण रात्री झोपेत ती ‘आई’ म्हणायची तेव्हा ती हाक माझ्यासाठी नसायची, हेही मला कळत होतं.

दर तीन वर्षांनी धाकटी आणि मेहुणे सुट्टीवर यायचे. सुट्टी कसली, वरात. या सभेत बोला, त्या सभेत बोला, फोटो दाखवा, फोटो काढून घ्या. राहायला चर्चच्या मागे मिशनची खोली. मंडळीने टाकून दिलेल्या फर्निचरची ती शेवटची घरघर. एक पलंग बसलेला, एक खुर्ची लंगडी, फ्रिजचं दार लागायचं नाही म्हणून ती लंगडी खुर्ची फ्रिजला टेकवून ठेवलेली. म्हणजे फ्रिज चालू ठेवायचा असेल तर बसायचं नाही. बायका भेटीला येऊन डोळ्यांनी झडती घ्यायच्या. धाकटीच्या पायात नवी चप्पल दिसली तर एकमेकींकडे बघायच्या. ‘तब्येत छान झालीय की गं तुझी’ असं मॅनेजरीणबाई म्हणाल्या ते असं, की जणू तब्येत सुधारून तिने मंडळीचा विश्वासघात केलाय.

या वेळी ते आले तेव्हा ठकी अकरा वर्षांची होती. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. जेवण झालं, गप्पा झाल्या, ठकी उठून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि आईला म्हणाली, ‘आई, तुम्ही चहा घेणार का?’

मला ती अगं-तुगं करते. ह्यांच्या तर खांद्यावर बसते. आईला मात्र तुम्ही, शाळेतल्या बाईंना विचारावं तसं. धाकटीने ‘हो, घेईन’ म्हटलं आणि ताटावर मान खाली घातली. ठकी आत गेल्यावर बराच वेळ ती बोटाने ताटातला रस्सा नुसता इकडून तिकडे करत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘ताई, मी परत जाणार नाही. मला माझी मुलगी हवी आहे.’

मी मेहुण्यांकडे बघितलं. हा माणूस सज्जन आहे, पण बोलायला अर्धा तास लावतो आणि शेवटी गप्पच बसतो. त्यांचं म्हणणं धाकटीने सांगितलं ते असं, की तिकडची शाळा आता तिथलीच दोन माणसं चालवतात, यांच्याहून चांगली चालवतात. बाळंतपणाला तिच्याच हाताखाली शिकलेल्या बायका आहेत. काम संपलंय. इथे एका शाळेत मेहुण्यांना जागा मिळण्यासारखी होती. अडत होतं ते एकाच ठिकाणी. मेहुणे म्हणत, देवाचं पाचारण आहे की नाही ते मला कळत नाही. मंडळीने पाठवलंय, मंडळीने सोडलं तर मी ते देवाचं बोलणं समजेन. मी म्हटलं, मेहुणे, देवाशी माझं काही भांडण नाही, पण तुम्ही त्याचा निरोप मॅनेजरसाहेबांकडून घेणार? ते कसनुसे हसले. म्हणजे हो.

समितीची बैठक झाली, तिला मीही गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मुलीची मावशी म्हणून मी जाऊन खुर्ची ओढली. धाकटीने सगळं शांतपणे सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, माझ्याच दुकानातला, आणि रुमालाने पुसत राहिले. आमचे पाद्री, म्हणजे पाळकसाहेब, छताकडे बघत होते. त्यांचा स्वभाव असा, की दोन माणसांत वाद झाला तर ते दोघांचंही बरोबर आहे म्हणून घरी जातात. शेवटी साहेब अगदी मधाळ आवाजात म्हणाले, की आम्ही कोण ठरवणारे, निर्णय मंडळीचा. येत्या मिशन रविवारी तुम्ही स्वतः मंडळीसमोर उभं राहून हे सगळं सांगा. मंडळी म्हणेल ते आम्हाला मान्य.

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, चला, साहेबांच्या छातीत कुठेतरी काळीज आहे. समोर मंडळीत आया बसलेल्या असतात, आज्या असतात. एक बाई उभी राहून मला माझी मुलगी हवी आहे म्हणाली, तर कोण नाही म्हणेल? धाकटीही हलकी झाली. संध्याकाळी तिने ठकीचे केस विंचरून दिले आणि ठकीने बसून घेतलं. आईला केस विंचरू द्यायचे असतात, हेसुद्धा त्या पोरीला नव्याने शिकावं लागत होतं. मी दारात उभी होते. मला बरं वाटलं आणि रोज ते केस मी विंचरते हेही आठवलं. दोन्ही एकदमच.

मिशन रविवारी हॉल खच्चून भरला. मी आत शिरले तेव्हा पहिली गोष्ट काय दिसली, तर व्यासपीठाच्या मागे कापडी फलक: ‘जा, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.’ मॅनेजरीणबाईंनी तो महिला मंडळाकडून आधीच रंगवून घेतला होता. टेबलावर दोन हार. मी ह्यांना कोपराने ढोसलं. हे म्हणाले, असू दे गं, दरवर्षीचा असेल.

इथे साक्ष म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे कोणी व्यासपीठावर उभं राहून आपल्या आयुष्यातलं सांगितलं की ती साक्ष. तिचा साचा ठरलेला. आधी अंधार सांगायचा. दारू, दुखणं, कर्ज, भांडण, जे असेल ते. मग रडायचं. आणि मग ‘पण प्रभूने’ म्हणून सगळं उजळून टाकायचं. मंडळीला हा साचा इतका अंगवळणी पडलाय, की माणूस रडायला लागला की लोक ‘पण प्रभूने’ची वाट बघत हात वर करून तयार असतात. कोणी नुसतं दुःख सांगून खाली बसेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नसतं.

धाकटी उभी राहिली. हातात कागद नव्हता. ती म्हणाली:

‘मला भाषण येत नाही. मी सरळ सांगते. तिकडे एक म्हातारी आहे, माझ्याबरोबर बाळंतपणाला येते. तिने मला विचारलं, तुला मूल नाही का? मी म्हटलं, आहे, माझ्या बहिणीकडे आहे. ती म्हणाली, तू आजारी होतीस का? मी म्हटलं, नाही. तुमच्याकडे दुष्काळ पडला का? नाही. नवऱ्याने हाकललं का? नाही. मग म्हणाली, तर मग कोणी नेलं तिला तुझ्याकडून? मी म्हटलं, कोणी नाही, मी देवाच्या कामासाठी ठेवली. ती म्हणाली, आमच्या पोरी तू जगवल्यास, आणि तुझी सोडून आलीस? जा घरी. आम्ही आता बघू आमचं. माझी मुलगी मला पाहुणीसारखं वागवते. मला परत जायचं नाही. मला इथे राहून तिला वाढवायचं आहे. तुम्ही आम्हाला मोकळं करा, एवढंच मागायला मी उभी आहे.’

आणि ती बसली.

हॉलमध्ये जागोजागी नाकं ओढल्याचे आवाज. पुढच्या रांगेतल्या शिंपीणकाकू पदराने डोळे पुसत होत्या. मला वाटलं, झालं, जिंकली माझी बहीण. तेवढ्यात मागून कोणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं, ‘आमेन.’ मग दुसरं. मग हात वर जायला लागले. लोक वाट बघत होते. माझ्या बहिणीने अंधार सांगितला होता, अश्रूही आले होते, आता बाकीचं यायचं होतं. ते येईना, तेव्हा पाळकसाहेब उठले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या माणसाने ढोंग केलं असं मी म्हणणार नाही. ढोंग असतं तर सोपं होतं. ते माइकजवळ गेले आणि गहिवरून म्हणाले, ‘पण प्रभूने.’

पुढचं काय सांगू? पण प्रभूने या बहिणीला एवढ्या वेदनेतही उभं ठेवलं आहे. केवढा हा त्याग. सैतान एका म्हातारीच्या रूपाने येऊन घरी जा म्हणतो, आणि ही आपल्यासमोर येऊन ती परीक्षा उघड सांगते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या एकट्या म्हातारीने शहाणपणाची गोष्ट सांगितली, तिलाच यांनी सैतान करून टाकलं. मी धाकटीकडे बघितलं. ती मान हलवून नाही, नाही म्हणत होती, आणि लोकांना वाटत होतं ती भारावलीय.

मॅनेजरसाहेबांनी संधी अचूक साधली. आयत्या पिठावर रेघोट्या ओढण्यात त्यांचा हात कोण धरणार? ते उठून म्हणाले, की ज्यांना ज्यांना वाटतं की या दांपत्याला मंडळीने दुप्पट बळ देऊन पुन्हा पाठवावं, त्यांनी उभं राहावं. अख्खा हॉल उभा राहिला. आमचे हेसुद्धा उभे राहिले. मी कोट धरून खाली खेचलं तेव्हा भानावर येऊन म्हणाले, अरे हो की. मग सगळे पुढे घुसले. डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा असतो ना, प्रत्येकाला आपलाच हात टेकवायचा होता. धाकटी खुर्चीत, आणि तिच्या डोक्यावर इतके हात की तिला उठता येईना. मेहुणे शेजारी डोळे मिटून बसलेले, चेहरा पांढरा. मंडळीने निरोप दिला होता, आणि निरोप आला की जा.

एवढ्यावर भागलं नाही. मॅनेजरीणबाई ठकीला हाताला धरून व्यासपीठावर घेऊन आल्या. म्हणाल्या, आता आपल्या मिशनऱ्यांसाठी त्यांचीच लेक प्रार्थना करेल. ठकीने हात जोडले, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात, एकही शब्द न अडखळता म्हणून टाकली:

‘हे प्रभू, माझ्या आईबाबांना तू निवडलंस म्हणून मी तुझे आभार मानते. त्यांना परत तुझ्या शेतात घेऊन जा. त्यांना माझी आठवण येऊन त्यांचं काम थांबू देऊ नकोस. मी इथे सुखी आहे. आमेन.’

रडण्याची नुसती झड लागली. पियानोवाल्याने हळूच सूर धरला. धाकटीने हातांच्या गर्दीतून वर बघितलं आणि मग तिने मान खाली घातली. मी तिला लहानपणापासून ओळखते. समितीपुढे ती वाकली नव्हती, मंडळीपुढेही वाकली नसती. पण पोरीनेच जा म्हटल्यावर तिच्यात काही उरलं नाही.

उपासना संपली. लोक चहाच्या टेबलाकडे पळाले, कारण बिस्किटं नेहमी कमी पडतात. ठकी गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली आणि माझी बाही ओढायला लागली. विचारत होती, की प्रार्थना चुकली का? आई अशी का बघत होती? मी विचारलं, कोणी शिकवली तुला ती? तर म्हणाली, संडे स्कूलमध्ये, मॅनेजरीणबाईंनी. आईबाबा सुट्टीला येणार हे कळल्यापासून पाठ करून घेत होत्या. घरी सांगू नकोस, आईला खूश करायचं आहे, म्हणाल्या होत्या.

म्हणजे धाकटीने तोंड उघडण्याच्या कितीतरी आधी तिचं उत्तर तिच्याच पोरीकडून घोकून घेतलेलं होतं. मला तिथल्या तिथे बाईंचा चष्मा पायाखाली घ्यावासा वाटला. पण मी ठकीचा हात धरला आणि तिला म्हटलं, तुझ्या आईला काय वाटतं ते मला नको विचारूस. तिला जाऊन विचार.

धाकटी चहाच्या टेबलाशी उभी होती. भोवती बायकांचं कडं. गळ्यात हार घातलेला, हातात कोणीतरी कोंबलेला कप, त्यातला चहा तसाच. मॅनेजरीणबाई तिला सांगत होत्या की या वेळी पेटीत चादरीही टाकू. ठकी मधे शिरली आणि तिने सगळ्यांसमोर विचारलं, ‘आई, तुम्हाला खरंच जायचंय का?’

धाकटीने तिच्याकडे बघितलं. म्हणाली, ‘नाही. मला तुझ्याजवळ राहायचंय.’

ठकी वळली, पाळकसाहेब बिस्कीट बुडवत होते तिथे गेली आणि म्हणाली, ‘पाळकसाहेब, मगाशी केलेली प्रार्थना परत घेता येते का?’

पाळकसाहेबांचं बिस्कीट चहात पडलं. मॅनेजरीणबाई हसल्या, म्हणाल्या, असं नसतं करायचं बाळा, देवाने ऐकलीसुद्धा. ठकी म्हणाली, मग दुसरी करते. आणि तिथेच, चहाच्या पिंपाशेजारी, तिने हात जोडून डोळे मिटले.

‘प्रभू, मगाचची बाईंची होती. ही माझी आहे. आईला आणि बाबांना नेऊ नको. मला राहवत नाही त्यांच्याशिवाय. मी कोणाला सांगितलं नव्हतं. आमेन.’

मघाशी ‘आमेन’ची नुसती बरसात करणारी ती सगळी तोंडं, एकही उघडेना. पाळकसाहेब कपात बिस्कीट शोधत होते. शिंपीणकाकूंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मी म्हणायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी दुसराच आवाज आला. मेहुणे. त्यांनी अर्धा तास लावला नाही. ते म्हणाले, ‘आमेन,’ आणि धाकटीच्या गळ्यातला हार काढून टेबलावर बिस्किटांच्या ताटाशेजारी ठेवला.

मॅनेजरसाहेब पुढे आले, म्हणाले, हा भावनेचा भर आहे, समिती पुन्हा बसेल. मेहुणे म्हणाले, जरूर बसा, आम्ही नसू. लग्न झाल्यापासून या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं तिखट वाक्य. मला ते इतकं आवडलं की मी दोन बिस्किटं खाल्ली.

मिशनची खोली मिशनऱ्यांसाठी असते, म्हणून ती दुसऱ्या दिवशीच रिकामी करायला सांगितली. समुद्रापार पेट्या पाठवणाऱ्या मंडळीतून गल्लीपलीकडे दोन बॅगा उचलायला एक माणूस आला नाही. हे आणि मी जाऊन आणल्या. दुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या आहेत, त्यातली एक त्यांना दिली. मेहुण्यांना शाळेत जागा मिळाली, धाकटी जवळच्या दवाखान्यात लागली. नकाशावर महिन्याभरात दुसऱ्याच जोडप्याचा फोटो लागला. त्यांचा एक मुलगा आहे, अजून रांगतोय.

परवा दुपारी मॅनेजरीणबाई दुकानात आल्या. चष्म्याची दांडी ढिली झाली होती. धाकटीची सुट्टी होती, ती काउंटरच्या या बाजूला स्टुलावर बसून ठकीचा भूगोल घेत होती. बाईंनी तिला बघितलं. न बघायला काय झालं, मधे फक्त काउंटरच्या काचेएवढं अंतर होतं. मी दांडी पिळत असताना त्या माझ्याकडे वाकल्या आणि हळू, दुःखी आवाजात विचारलं, ‘तुमची बहीण कशी आहे?’

मी काही बोलायच्या आत धाकटीने मान वर केली आणि म्हणाली, ‘मी बरी आहे, बाई.’

मॅनेजरीणबाईंनी माझ्या हातातून चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला, आणि मलाच म्हणाल्या, ‘तिला सांगा, आम्ही तिच्यासाठी रोज प्रार्थना करतो.’